बाप्यामाणसाला कसली लाज?

बायकांच्या वॉर्डात पडदा न ओढता कुणी तपासणी केली असती, तर मीच भांडले असते. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात मात्र तेच पडदे मी अडचण होते म्हणून गुंडाळून ठेवायची. ‘हायड्रोसिलवाले कोण? पुढे या,’ असं दारातूनच ओरडायची. हर्नियाच्या ऑपरेशनआधी वॉर्डबॉय केस काढायला बसे, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांना बाहेर काढायचं मला कधी सुचलं नाही.

प्रोस्टेटमुळे लघवी तुंबलेले एक आजोबा आले. कॅथेटर घालायचा होता. ते हळूच म्हणाले, “सिस्टर, कुणी बाप्यामाणूस नाही का?” शेजारच्या वॉर्डात ब्रदर ड्युटीवर होता, हाकेसरशी आला असता. पण मी म्हणाले, “मी लेकीसारखी, माझ्यापुढे कसली लाज?” आजूबाजूचे हसले. आजोबांनी उपरणं तोंडावर ओढलं. सून थर्मास घेऊन पायथ्याशीच उभी होती.

त्या घाईत दुसरी चूक झाली. नळी घातल्यावर मागे सारलेली कातडी पुढे घ्यायची मी विसरले. ती तशीच राहिली की सुजते, आवळते आणि रक्तपुरवठा अडू शकतो. आजोबा रात्रभर ठणका सोसत पडून राहिले. सकाळच्या राऊंडला डॉक्टरांनी चादर उचलली तेव्हा उलगडा झाला. त्यांनी हाताने दाबून सूज उतरवली, कातडी पुढे आणली, म्हणून निभावलं. “रात्री सांगितलं का नाही?” विचारलं, तर म्हणाले, “सुनेदेखत काय सांगू?”

विसरले ती चूक तांत्रिक होती. ती रात्रभर दडून राहिली, ती माझ्या थट्टेमुळे.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत पुरुष डॉक्टर तपासताना स्त्री रुग्णाजवळ दुसरी स्त्री असावी, असं स्पष्ट लिहिलंय. पुरुषांसाठी तसं वेगळं कलम नाही. पण प्रतिष्ठा आणि खासगीपणाचा हक्क त्यात सगळ्याच रुग्णांना दिलाय.

जीवावर बेतलं असेल तर जो हाताशी असेल तोच उपचार करणार. एरवी पडदा ओढायला, नातेवाइकांना बाहेर पाठवायला आणि ‘ब्रदरला बोलावू का?’ विचारायला फारसा वेळ लागत नाही. पुरुष रुग्णांनाही माझं सांगणं आहे: ब्रदर हवा असेल तर बिनधास्त मागा. आणि नळी घातल्यावर दुखलं, सुजलं, तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी सांगा.