दोनच हात

मेटल म्हटलं की आम्हा बेळगावकरांना आधी उद्यमबागेतली फौंड्री आठवते. माझा धाकटा तिथंच एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. दिवसभर लोखंडाचा आवाज ऐकून आलेला मुलगा रात्री पुन्हा त्याच जातीचं संगीत घेऊन बसतो, हे मला आधी पटायचंच नाही. त्यांच्या टोळीतला ड्रम वाजवणारा पोरगा नोकरीसाठी बेंगळूरला गेला. शहापुरातलं आमचं घर भिंतीला भिंत लागलेलं. खरा ड्रमसेट आणला असता तर गल्लीनं आम्हालाच बाहेर काढलं असतं. म्हणून यानं कम्प्युटरवर ड्रम लिहायला घेतले.

लिहायला म्हणजे खरंच लिहायला. पडद्यावर उभ्या रेघा असतात, त्यांवर एकेक ठोका मांडायचा आणि त्याला 1 ते 127 मधल्या आकड्यानं जोर द्यायचा. खऱ्या ड्रमवर हलक्या, मध्यम, जोरकस हातानं वाजवून ठेवलेले आवाज आत असतात. आकडा बघून कम्प्युटर त्यातला एक उचलतो. पहिल्या दिवशी यानं सगळे ठोके 127 वर, नेमके रेघेवर ठेवले. शिवणयंत्र चालल्यासारखं टकटकटक.

"छान आहे की रे. एक ठोका इकडचा तिकडं नाही."

"तेच वाईट आहे गे आई. माणूस वाजवतोय असं वाटत नाही."

मग महिनाभर तो त्या आवाजात माणूस आणायच्या मागं लागला. ड्रमरला हात दोनच. एक झांजेवर आणि दुसरा स्नेअरवर पडला, तर त्याच क्षणी तिसरं काही हातानं वाजता कामा नये. डावा हात उजव्यापेक्षा जरा हलका, म्हणून लागोपाठच्या ठोक्यांत एकाआड एक आकडा उतरवायचा. वेग वाढला की हात उंच उचलायला वेळ मिळत नाही, तेव्हा ब्लास्ट बीटमध्ये स्नेअरचाही जोर कमी करायचा. काही ठोके रेघेच्या केसभर पुढं, काही मागं सरकवायचे. पायांचं तर विचारूच नका. 200 ची लय, मात्रेला चार ठोके, म्हणजे मिनिटाला 800. एकेका पायाच्या वाट्याला 400.

"एवढं माणसाला झेपतं?"

"झेपतं. पण थकतो की. ते दाखवायला पाहिजे."

त्यानंच सांगितलं, स्वीडनच्या मेशुगा या बँडचा 2005 सालचा 'कॅच थर्टीथ्री' हा अख्खा अल्बम असाच केलेला. ड्रम संगणकावर रचलेले, पण त्यामागचे आवाज त्यांच्याच ड्रमरनं, टॉमस हाकेनं, वाजवून ठेवलेले. म्हणजे यंत्राच्या पोटातही शेवटी कुणाचा तरी हात असतोच.

हे सगळं कौतुकानं ऐकत होते, पण एका रात्री मला रागच आला. आठ दिवसांपूर्वी मी धुण्याच्या दगडाजवळ घसरले होते. उजवं मनगट सुजलेलं. पदराआड लपवून रोजच्या बारा भाकऱ्या थापत होते. आणि हा पोरगा, जो माणूस नाहीच त्याचा थकवा रात्री बारापर्यंत आकड्यांत मोजत बसलेला! बोलले मात्र नाही. आमच्या पिढीच्या बायकांना सगळे ठोके 127 वर ठेवायचीच सवय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी परातीवर भाकरी थापत होते. बाहेरच्या खोलीत हेडफोन काढल्याचा आवाज आला. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आई, आज डाव्या हातानं थापतीयस काय?"

"का रे?"

"थाप हलकी येतीय. आणि उशिरा."

पिठाचा हात तसाच राहिला. मला काही बोलताच येईना. त्यानंच पदर बाजूला करून मनगट बघितलं, मग गॅस बंद केला.

एक्स-रेत हाडाला चीर निघाली. आता सहा आठवडे प्लास्टर आहे आणि भाकऱ्या तो करतो. कडा जाड, मधे भोक, पहिली तर तव्यावर टाकताना दुमडतेच. मी बाहेर त्याच्या खुर्चीत बसून ऐकत असते. एकही थाप रेघेवर नसते.