फावला वेळ कोणाचा?

चौलच्या वाड्यांत विहिरी अजून आहेत. त्यांत उड्या घेणारी मुले मात्र क्वचितच दिसतात. कंबरेला सुके नारळ बांधून पोहायला शिकावे, दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या पैजेने चढाव्यात, ओहोटी लागली की रेवदंड्याच्या ओल्या वाळूत कबड्डीची रेघ ओढावी, याला कोणी व्यायाम म्हणत नसे. २०१४ पासून प्रो-कबड्डी घरोघरी पोहोचली. कबड्डीचे वेड टिकले, पण पुष्कळसे बघण्यापुरते. या बदलाचे खापर आपण मोबाईलवर फोडतो आणि मोकळे होतो.

अकरावीच्या वर्गाला मी दरवर्षी ‘माझा फावला वेळ’ हा निबंधाचा विषय देते. मुलग्यांच्या निबंधांतून मैदान हळूहळू मागे सरत गेले. मुलींच्या निबंधांत ते आधीही नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मुलींबाबत हेच सांगतो. १४६ देशांतील ११ ते १७ वयोगटाच्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती त्यात आहे. रोज तासभर दमदार हालचाल न करणाऱ्यांचे प्रमाण २०१६ मध्ये ८१ टक्के होते. २००१ ते २०१६ या काळात मुलग्यांचे प्रमाण ८० वरून ७८ टक्क्यांवर आले. मुलींचे ८५ वरून हललेच नाही. म्हणजे स्मार्टफोन हातोहाती येण्यापूर्वीही मुली मैदानाबाहेरच होत्या.

आमच्या ‘रम्य बालपणा’कडे मग निराळ्या नजरेने पाहावे लागते. भाऊ विहिरीत सूर मारत, तेव्हा त्यांचे कपडे सांभाळत आम्ही बहिणी काठावर उभ्या असू. आमच्या शरीराला कष्ट कमी नव्हते: पाणी शेंदणे, सुपारी वेचणे, झावळ्या ओढणे. पण ते काम होते. खेळ म्हणावा तो श्रावणातल्या झिम्मा-फुगडीचा, तोही सणाच्या निमित्ताने. पुढे नळ आले, पंप आले, कष्ट सरले. ते सरले हे चांगलेच झाले. मात्र मोकळा झालेला तो वेळ क्लासने आणि घराच्या चार भिंतींनी घेतला. मैदानापर्यंत तो पोहोचलाच नाही.

म्हणून ‘पूर्वी मुले खेळायची’ हे वाक्य मला अपुरे वाटते. मुलगे काय गमावत आहेत याची चिंता रास्तच आहे. त्यांना परत मैदानावर बोलावता तरी येईल. मुलींना ‘परत’ कोठे बोलावणार? पंधरा वर्षांच्या मुलीला संध्याकाळी काहीही कारण न सांगता तासभर किनाऱ्यावर धावता येते का, या प्रश्नाचे उत्तर गावालाच द्यावे लागेल.