निळी कड, लाल कड

निळ्या कडेचा डिके मला कधीच पुरता पटलेला नाही. फिट देखणा असतो, रेसिड्यूअल शून्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना नीट विखुरलेले असतात, काय-स्क्वेअर एकाच्या आसपास आलेला असतो, आणि तरी मनातली कुरकुर जात नाही. पहिल्या शे-दीडशे पिकोसेकंदांत हे जे झपकन खाली आलंय, ते रेणूचं आहे की माझ्या यंत्राचं?

या धंद्यातल्या माणसाला एवढ्यावरून कळेल. इतरांसाठी सांगायचं तर लेझरच्या स्पंदाने रेणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतो, काही वेळाने फोटॉन सोडून खाली येतो, आणि तो 'काही वेळ' एकेक फोटॉन पकडून मोजणं हा आमचा उद्योग. फ्लुरेसिनला अल्कलीयुक्त पाण्यात सुमारे 4 नॅनोसेकंद लागतात, एरिथ्रोसिनला पाण्यात जेमतेम 80 पिकोसेकंद. एवढं पुरे.

आता डेकॅनॉलसारखा जरा दाट अल्कोहोल घ्या आणि त्यात कूमारिनच्या कुटुंबातलं एखादं रंगद्रव्य टाका. इलेक्ट्रॉन वर गेला की रेणूतली विद्युतभाराची वाटणी एकदम बदलते. भोवतालचे अल्कोहोलचे रेणू तिच्याशी जुळवून घेत सावकाश वळत राहतात, आणि ते जसजसे वळतात तसतशी वरची पातळी खाली सरकते. म्हणून आधी सुटणारे फोटॉन जास्त ऊर्जेचे, निळसर असतात आणि मागून येणारे कमी ऊर्जेचे, लालसर. मोनोक्रोमेटर निळ्या कडेला लावला तर उजेड भराभर उतरताना दिसतो. लाल कडेला लावला तर तो आधी थोडा चढतो आणि मग उतरतो. हे सगळं काही शे पिकोसेकंदांत.

यात अवघड काय, असं कुणी विचारेल. अवघड हे, की जुन्या धाटणीच्या फोटोमल्टिप्लायरलाही हीच खोड असते. निळ्या फोटॉनने फोटोकॅथोडमधून उडवलेला इलेक्ट्रॉन जरा जास्त वेगाने निघतो आणि पुढच्या डायनोडवर आधी पोचतो. लाल फोटॉनचा इलेक्ट्रॉन रेंगाळतो. म्हणजे रेणूने काहीही केलं नाही तरी नळी 'निळा आधी, लाल नंतर' असंच सांगणार. मायक्रोचॅनेल प्लेट आल्यापासून हा फरक बराच आटला, पण मग ग्रेटिंग पुढे सरसावतं. मिलिमीटरला 1200 रेघांचं ग्रेटिंग घ्या आणि 25 मिलिमीटर रुंदी उजळा, की रेघा झाल्या 30,000. प्रत्येक रेघेमागे प्रकाश एक तरंगलांबी मागे पडतो. 500 नॅनोमीटरला हे अंतर 15 मिलिमीटर भरतं, वेळेत 50 पिकोसेकंद. तरंगलांबी वाढली की हा पसाराही वाढतो. आणि यंत्राचा स्वतःचा प्रतिसाद आम्ही कशावर मोजतो? ल्युडॉक्सच्या गढूळ थेंबावरून विखुरलेल्या लेझरच्याच प्रकाशावर, म्हणजे तिसऱ्याच रंगावर.

उपाय आहेत. ज्या तरंगलांबीला मोजायचं तिथेच प्रकाश देणारं, छोट्या आणि एकेरी लाइफटाइमचं रंगद्रव्य संदर्भासाठी घेता येतं. एरिथ्रोसिनची बाटली मी त्यासाठीच जपून ठेवली होती. एकमेकांचा पसारा काढून टाकणारी दोन ग्रेटिंगं जोडता येतात. फिटमध्ये 'शिफ्ट' नावाचा एक आकडा सैल सोडता येतो, आणि बहुतेक जण तेवढंच करतात. मला ते आवडत नाही. तो आकडा सैल सोडला की सगळीच पापं त्याच्या पदरात टाकता येतात.

माझा भरवसा एकाच खुणेवर आहे: लाल कडेचं ऋण चिन्ह. वरची पातळी खरोखर सरकत असेल, तर निळीकडून गेलेलं लालीत आलंच पाहिजे आणि फिटमध्ये एका घटकाचा वाटा ऋण यायलाच हवा. तो आला नाही आणि नुसती निळी कडच जलद उतरली, तर विद्रावकाच्या गोष्टी सांगू नयेत. कुपीत दोन जातींचे रेणू असतील, नाहीतर कुपी मळकी असेल. मध्यंतरी जो तो साबणाच्या मिसेलमधलं 'मंद पाणी' शोधत होता. त्यात उत्तम कामं झाली, पण काही लेखांत मी लाल कड शोधत बसायचो आणि ती छापलेलीच नसायची.

इथे एक कबुली. दुसऱ्याचा लेख हाती आला की मी निष्कर्ष आधी वाचत नाही, रेसिड्यूअलचा आलेख शोधतो. तो नसला की मनातून सुखावतो. आणखी एक. आमच्याकडे डाय लेझर होता तेव्हा पाहुणे आले की मी मुद्दाम खोलीतले दिवे घालवायचो. अर्ध्या टेबलावर पसरलेला आर्गन लेझर, पुढे ऱ्होडामीनचा पातळ पडद्यासारखा वाहता फवारा, आणि त्यातून निघालेली पिवळी-नारिंगी रेघ. त्या रेघेत विज्ञानाइतकीच माझी ऐट होती. आरसा पाव आट्याने फिरवून स्पंद अरुंद करणं मला हाताने जमायचं, आवाजावरून जमायचं, आणि ते दुसऱ्या कुणाला पटकन जमू नये असंही वाटायचं. आता त्याच जागी हातात मावेल एवढा डायोड लेझर आहे. खटका दाबला की 405 नॅनोमीटर हजर. त्यात हाताने करायचं काही उरलेलं नाही.

हात तसाही थरथरायला लागला होता. मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काही आठवडे मला अंधाऱ्या खोलीत जायची बंदी होती. पिकलेलं भिंग जांभळा प्रकाश अडवतं हे वाचून माहीत होतं. परत आल्यावर नव्या डोळ्याने त्या 405 चा ठिपका पाहिला तेव्हा कळलं, की इतकी वर्षं मी त्याला उगाच फिका म्हणत होतो.

त्या मधल्या काळात माझी विद्यार्थिनी एकटीच मोजत होती. सगळी तरंगमाला तिने दहा-दहा नॅनोमीटरच्या पायऱ्यांनी पार केली होती. वहीत निळ्या कडेच्या जलद डिकेपुढे समास सोडून सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'ऊर्जा जास्त, म्हणून उत्सर्जन लवकर. वारंवारतेचा घन.'

मी म्हटलं, "अगं, हे कुणी सांगितलं?"

"आइनस्टाइननी, सर."

तिचं अगदीच चुकलं होतं असं नाही. आपोआप होणाऱ्या उत्सर्जनाचा गुणक आइनस्टाइन यांनी 1916 मध्ये मांडला आणि त्यात वारंवारतेचा घन आहे. वारंवारता दुप्पट झाली आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर उत्सर्जनाचा दर आठपट. पण बाकी सगळं तसंच राहतं कुठे? हायड्रोजनची पहिली वरची पातळी 121.6 नॅनोमीटरचा प्रकाश देते आणि 1.6 नॅनोसेकंद टिकते. सोडियमची पिवळी रेषा 589 नॅनोमीटरची. नुसत्या घनाने हिशेब केला तर सोडियमला शंभरपटीहून अधिक वेळ लागायला हवा, पण प्रत्यक्षात लागतात 16 नॅनोसेकंद, दहापटच. उरलेली भरपाई सोडियमचा फुगीर इलेक्ट्रॉन-ढग करतो. तो मोठ्या अंतरात हेलकावतो, आणि त्या अंतराचा वर्गही सूत्रात आहे. ध्रुवीय प्रकाशात तर घन कुणी विचारतही नाही. ऑक्सिजन अणूची हिरवी रेषा 557.7 नॅनोमीटरला, तिला पाऊण सेकंद पुरतो. लाल 630 ला, आणि तिच्या पातळीला दोन मिनिटांच्या जवळपास थांबावं लागतं. म्हणून ती लाली दोनशे किलोमीटरच्या वर, विरळ हवेतच दिसते. खाली तेवढा वेळ धक्का न लागता काढणं त्या अणूला शक्य नाही. दोन रंगांच्या ऊर्जेत फरक केवढासा, घनाने दीडपटही होत नाही, आणि वेळेत दीडशेपट. ऊर्जेपेक्षा इथे वाट किती निषिद्ध आहे यालाच वजन जास्त.

पण तिच्या वहीतली खरी अडचण वेगळीच होती, आणि ती समजावताना माझाच घोळ थोडा सुटला. एका पातळीवरून रेणू अनेक रंगांत उतरू शकतो. कोणत्या रंगाला किती वाटा मिळेल हे ठरवण्यात तो घन भाग घेतो, म्हणून तरंगमालेचा आकार निळीकडे किंचित झुकतो. वेळ मात्र त्या पातळीचा असतो, रंगाचा नव्हे. पाण्याच्या टाकीला चार तोट्या आहेत म्हणून प्रत्येक तोटीपाशी पाण्याची पातळी वेगवेगळ्या वेगाने उतरत नाही. फ्लुरेसिन पाण्यात घेऊन कुठल्याही रंगावर मोजा, तेच 4 नॅनोसेकंद यायला हवेत. नाही आले तर एकच पातळी नाही, किंवा नळी खोटं बोलते आहे. निळ्या कडेचा वेळ ऊर्जेमुळे कमी नसतोच. ती पातळीच तिथून निघून गेलेली असते.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठीक आहे सर, पण हा झाला थांबायचा वेळ. प्रत्यक्ष प्रकाश बाहेर पडायला किती लागतो?"

हा प्रश्न आम्ही मोजणारे टाळतो. आम्हाला मिळते ती एक टिचकी: फोटॉन आला. तो किती वेळ येत होता हे टिचकी सांगत नाही. शिवाय अणूला वय नसतं. दहा नॅनोसेकंद थांबलेला सोडियमचा अणू आणि आत्ताच वर गेलेला अणू यांची पुढच्या क्षणी उतरायची शक्यता तंतोतंत सारखी. आमचा घसरता आलेख त्यातूनच निघतो, एका फोटॉनच्या लांबीतून नाही.

आणि तरी एकट्या, निवांत सोडियम अणूच्या बाबतीत दोन्ही वेळा एकच निघतात. वाइसकॉफ आणि विग्नर यांनी 1930 मध्ये ते गणित मांडलं. अणू जितका वेळ टिकतो तितकी रेषा बारीक. सोडियमसाठी ती जाडी सुमारे 10 मेगाहर्ट्झ. म्हणजे बाहेर पडणारी लहर 16 नॅनोसेकंदांच्या मापाची, जवळजवळ पाच मीटर लांब, आणि तेवढ्या वेळात ऐंशी लाख हेलकावे. थांबणं आणि सुटणं असे दोन टप्पेच तिथे नाहीत. पाण्यातल्या फ्लुरेसिनचं तसं नाही. तो थांबतो 4 नॅनोसेकंद, पण पाण्याचे रेणू त्याला इतके ढोसत असतात की त्याच्या लहरीची सुसंगत लांबी काही मायक्रॉनच भरते, वेळेत काही दशक फेम्टोसेकंद. मी हयातभर जो आकडा मोजला तो तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हता. ते उत्तर तरंगमालेच्या रुंदीत होतं, आणि तरंगमाला तर कुठल्याही महाविद्यालयातल्या साध्या यंत्रावर निघते.

मला जुन्या माणसांचा हेवा वाटतो तो इथे. विल्हेल्म वीन यांनी पहिल्या महायुद्धानंतर वेगवान अणूंचा झोत निर्वातात सोडला आणि पुढे जाता जाता त्याचा उजेड किती अंतरात मावळतो हे पाहिलं. घड्याळ लागलंच नाही, फुटपट्टीने भागलं. मेंडोसाहून आलेल्या गाविओला यांनी 1926 च्या सुमारास बर्लिनमध्ये केर सेलच्या साहाय्याने फ्लुरेसिनसाठी साडेचार नॅनोसेकंदांच्या आसपासचा आकडा काढला. नॅनोसेकंद मोजणारं इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा नव्हतंच. आज आमच्याकडे पेटीतून येणारं यंत्र आहे. त्याचं सॉफ्टवेअर विचारतं: किती एक्स्पोनेन्शियल हवेत, एक, दोन की तीन? तीन निवडले की काहीही बसतं. मग तिन्हींची सरासरी काढून कोष्टकात घालतात. परीक्षक म्हणून अशी कोष्टकं आली की मी तिरसटपणे लिहितो, आणि माझा शेरा वाचून कुणी यंत्र उघडून पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

विद्यार्थिनीने आता दुसरंच काढलं आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस मारबुर्गमध्ये ड्रेक्सहागे यांनी युरोपियमचे रेणू आरशापासून मोजून मापून दूर बसवले, मधे मेदाम्लाचे एकेक रेणू जाडीचे थर देऊन. अंतर बदललं की लाइफटाइम कमी-जास्त होत गेला. परतून आलेली लहर रेणूला कधी घाई करायला लावते, कधी रोखते. पर्सेल यांनी 1946 मध्ये म्हटलंच होतं, की उत्सर्जनाचा वेळ एकट्या अणूच्या मालकीचा नाही. तिला ते आमच्याकडे करायचं आहे. युरोपियमचा तांबडा, 615 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश मिलिसेकंदाच्या घरात रेंगाळतो. साध्या पाण्यात तो दहाव्या हिश्श्यावर येतो, जड पाण्यात पुन्हा कित्येक पट लांबतो, कारण ऊर्जा पळवणारी ओ-एच बंधाची थरथर तिथे मंदावते. हे मी उत्साहाने सांगितलं. तिने लिहून घेतलं.

मग तिने यादी दिली. अतिनील एलईडी, साधा फोटोमल्टिप्लायर, ऑसिलोस्कोप, चांदीचा मुलामा दिलेल्या काचा. मी विचारलं, लेझर कोणता, टायमिंगची कार्डं कुठली, प्रतिसाद कसा मोजणार? ती म्हणाली, "सर, मिलिसेकंदांना त्याची गरज नाही. उलट तुमचं ते सगळं टेबलावरून हलवता आलं तर थर बुडवायच्या टाकीला जागा होईल."

मी अजून हो म्हटलेलं नाही.