मेणवलीची घंटा

मेणवलीच्या घंटेची गोष्ट वाईत कुणालाही विचारा, ती चिमाजी अप्पांपासून सुरू होते. मे 1739 मध्ये वसईचा किल्ला पडला, पोर्तुगीज हत्यारांनिशी, मानाने बाहेर पडले आणि चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी वर देशावर आणल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात टांगली गेली, एक भीमाशंकरला, आणि एक पुढे नाना फडणवीसांच्या या गावात, कृष्णेच्या घाटावर मेणेश्वरापाशी आली.   गोष्ट खरी आहे. पण घंटेवर साल आहे 1707. मधली बत्तीस वर्षं ती कुणासाठी वाजत होती, हे कुणी सांगत नाही. मला ते सलतं, कारण मी वसईचा आहे.

पहिल्यांदा आलो तो आजीबरोबर. मावशी पाचगणीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर होती. तिला भेटायला जाताना आजीने मध्येच वाईला उतरायचा हट्ट धरला. लाल लुगड्यातली आजी मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या एकेक करून उतरली. वाडा, देवळं, नदी कशाकडेही तिने पाहिलं नाही. घंटेवर हात फिरवत ती बाळ येशूला घेतलेली मरियामाता शोधत राहिली. सापडल्यावर पदराने तिच्यावरची धूळ पुसली, क्रूसाची खूण केली आणि ओठातल्या ओठात नमो मारिया म्हणू लागली. मी मात्र घाबरून इकडेतिकडे पाहत होतो. कुणी हटकलं तर?

हटकलं नाहीच. धुण्याचा पिळा खांद्यावर टाकून एक बाई वर येत होती. थांबली. "कुठल्या हो तुम्ही?"

"वसईची."

"मग ही तुमच्या माहेरचीच की!"

आजी आधी हसली, मग तिच्या डोळ्यांना धार लागली. मावशीसाठी आणलेली सुकेळी तिने पुडक्यासकट त्या बाईच्या हातात ठेवली. दोघी तिथेच पायरीवर बसल्या आणि बोलत राहिल्या, केळीच्या बागांबद्दल, हळदीबद्दल, सुनांबद्दल. आमची पाचगणीची एसटी चुकली. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण तिचा तसा चेहरा मी चर्चमध्येही पाहिला नव्हता.

परवा पुन्हा गेलो तेव्हा काही मुलं मोबाइल समोर धरून नाण्याने घंटा ठोकत होती. त्यांना माहिती देणारा सांगत होता, पोर्तुगीजांची घंटा, आपण जिंकून आणलेली. त्या 'आपण'मध्ये आजी नव्हती. घंटा ओतून घेणारे पोर्तुगीज होते, मान्य. पण त्या काळी वसईतल्या चर्चच्या घंटांवर ज्यांचा दिवस उगवत आणि मावळत होता, त्यांत बागा शिंपणारे सामवेदी आणि वाडवळ होते, होड्या लोटणारे कोळी होते. 1739 नंतर पोर्तुगीज गेले, ही माणसं राहिली. नंदाखाल, निर्मळ, पापडी, सांडोर इथे त्यांच्या नातवंडा-पतवंडांची रविवारची मिस्सा मराठीत होते. नंदाखालचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला. तेव्हा मला मेणवलीचा घाट आठवला होता. धुणं घेऊन आलेल्या बाईला जे एका क्षणात कळलं, ते शिकल्यासवरल्यांना इतकं अवघड का जावं?

घंटा परत मिळावी असं मला वाटत नाही. मेणवलीने ती जिवापाड सांभाळली. मरियेच्या मूर्तीवर कुणी कानस फिरवली नाही, याचं ऋण आम्हा वसईकरांवर आहे. घंटेची माहिती सांगणाऱ्यांना आणि लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती, की चिमाजी अप्पांच्या ओळीखाली अजून एक ओळ लिहा: ही घंटा ऐकणारे वसईचे शेतकरी आणि कोळीही होते, आणि त्यांची लेकरं आजही तिथेच राहतात, मराठीच बोलतात.