तूप कशावर घ्यायचं?

भात-पोळी सोडणं तितकं जड गेलं नाही. जड जातंय ते तूप वाढून घेणं. कीटोमध्ये, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी ठेवणाऱ्या आहारात, दिवसभरातल्या कॅलरींपैकी साधारण 70 टक्के स्निग्ध पदार्थांतून यायला हव्यात. 1800 कॅलरी धरल्या तर 140 ग्रॅम! अंड्यात जेमतेम 5, मोठा चमचाभर तुपात 14च्या आसपास. हिशेब मांडला की छाती दडपते.

तसं आपलं जेवण तेलातुपाचंच. पण ते तूप मुरतं वरणभातात, पुरणपोळीत. ताटातून तेच गेल्यावर तूप घ्यायचं कशावर? नुसतं चमच्यानं घशाखाली उतरत नाही.

आज पालकाला तुपात लसणाची फोडणी दिली, एरवीच्या तिप्पट. कढईच्या कडेला पिवळा तवंग जमला आणि हात आपोआप तो निथळायला निघाला. 'तेलकट नको' हे जन्मभर ऐकलेला हात तो! खोबरेल तेलात तळलेला बांगडा, ओल्या नारळाची चटणी मात्र सुखानं जाते. शेंगदाणे मोजूनच; त्यातली कर्बोदकं गुपचूप वाढतात.

भातही नाही आणि तूपही हात राखून, म्हणजे निव्वळ उपासमार. कीटोत सुरुवातीला डोकं दुखतं ते बऱ्याचदा मीठ कमी पडल्यानं; त्यावर खारट सूप बरं.

1921 साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी हा आहार सुचवला तो अपस्माराच्या रुग्णांसाठी. तिथे वजनकाट्यावर मोजून अन्न देत. मला फक्त वजन उतरवायचंय. तेव्हा प्रथिनं पुरती घ्यायची, तूप भूक भागेपर्यंत. 140चा आकडा रोज गाठायलाच हवा असं नाही. उद्या भरीत करीन म्हणते, वर कच्चं तेल सोडून.