काळी चार ते पांढरी दोन



सहा महिने लेकीकडे राहून आलात, तिकडचं काही लिहा, असं मंडळातल्या दोघी-तिघी म्हणाल्या. बाळंतपण आणि डिंकाचे लाडू मागच्या लेखांत झाले. आज गिटारचं लिहिते. हसू नका. वय ५८, आणि मी गिटार शिकून आले. म्हणजे चार कॉर्ड शिकून आले.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे की दोन वर्षांपूर्वी माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, तब्येत छान आहे. पण वरचे स्वर गेले. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? पंचवीस वर्षं मी मंडळात काळी चारमध्ये स्तवन म्हणत आले. आता वरच्या ‘सा’ला आवाज फाटायला लागला. मग मी मागच्या रांगेत बसून नुसते ओठ हलवायची. कुणाच्या लक्षात येत नाही असं वाटायचं. (येत होतं, हे परत आल्यावर कळलं.)

लेक अमेरिकेत टेनेसी राज्यात, नॅशव्हिलला असते. कंट्री संगीताचं ते माहेरघरच. जावई तिथलाच. लग्नाच्या वेळी आमच्या घरात काय काय झालं ते पूर्वी लिहिलंय, पुन्हा नको. तो मला ‘आई’ म्हणतो, पण पुढे बोलायचं काय? माझं इंग्रजी बेताचं, त्याचं मराठी ‘आई, चहा?’ पर्यंत. लेक आठव्या महिन्यात, सारखी झोपलेली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात एकमेकांना वाट देत फिरायचो.

संध्याकाळी तो ओट्यावर बसून गिटार वाजवायचा. एकदा मी जवळ जाऊन बघितलं. तंबोऱ्याला असते तशी घोडी, आणि तिच्यावर तारांखाली एक पांढरा तुकडा. कशाचा, म्हणून विचारलं. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, हाडाचा. बऱ्याच गिटारींना गुराच्या हाडाचा असतो म्हणे, वरच्या टोकालाही तसाच. मी पुढे केलेला हात मागे घेतला. काही बोलले नाही, उठून आत आले.

आठवड्याभराने लेकीने सांगितलं, त्याने त्याच्या जुन्या गिटारचे दोन्ही तुकडे बदलून कृत्रिम बसवून आणलेत, आणि चामड्याचा पट्टा काढून सुती लावलाय. तो स्वतः एक अक्षर बोलला नव्हता. आता नाही कसं म्हणणार?

पहिली कॉर्ड जी. मधलं बोट पाचव्या तारेवर दुसऱ्या पडद्यात, आणखी दोन बोटं दोन्ही टोकांच्या तारांवर, तिसऱ्या पडद्यात. चाळीस वर्षं तव्यावरची भाकरी हाताने उलटणारी बोटं माझी, पण पोलादी तार अशी रुतते की पहिल्या आठवड्यात पीठ मळतानाही झिणझिणायचं. मग सी, मग डी. एकेक लागते हो, पण जीवरून सीवर जाताना सगळी बोटं एकदम उचलून एकदम खाली ठेवायची असतात आणि ताल थांबता कामा नये. माझं एक बोट कायम मागे राहायचं. उजव्या हाताचं काम वेगळंच. अंगठ्याने जाड तार, मग बाकीच्या तारांवर हलका झटका, पुन्हा दुसरी जाड तार, पुन्हा झटका. धुम-छक, धुम-छक. ते जमायला तीन आठवडे गेले.

शिकवताना तो जुन्या गोष्टी सांगायचा, लेक मध्ये बसून मराठीत सांगायची. मला आवडली ती कार्टर फॅमिलीची. सारा आणि मेबेल, नात्याने बहिणी आणि सख्ख्या भावांच्या बायका, म्हणजे जावा. १९२७ च्या ऑगस्टमध्ये त्या ब्रिस्टल गावी पहिल्यांदा रेकॉर्डिंगला गेल्या. मेबेल तेव्हा १८ वर्षांची आणि दिवस भरत आलेले, पुढच्याच महिन्यात तिला मुलगी झाली. पुढे आलेल्या पोटावर तिने गिटार कशी धरली असेल? लेक स्वतःच्या पोटाकडे बघून हसत सुटली. याच मेबेलने अंगठ्याने जाड तारांवर चाल आणि बोटांनी वरच्या तारांवर ताल, अशी तऱ्हा रूढ केली. कॅन द सर्कल बी अनब्रोकन हे त्यांचं १९३५ चं गाणं. आईची अंत्ययात्रा निघालीय, असं त्यात आहे. ‘माझी आई गायची,’ जावई म्हणाला, एवढंच. ती नाही, हे मला माहीत होतं. पण मी कधी विचारलं नव्हतं.

खरी गंमत आकड्यांची. नॅशव्हिलचे वादक कॉर्डची नावं लिहीत नाहीत, आकडे लिहितात. १, ४, ५. नील मॅथ्यूज नावाच्या गायकाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत काढली. जावई कागदावर मांडत होता आणि मला एकदम उमगलं, अरे, हे तर आपलं सारेगम! १ म्हणजे सा, ४ म्हणजे म, ५ म्हणजे प. मी उठून लेकीच्या छोट्या कीबोर्डवर दाखवलं. एकच्या कॉर्डमध्ये सा ग प, चारमध्ये म ध सा, पाचमध्ये प नी रे. तीन कॉर्डमध्ये सातही स्वर आले! जीवरून सीकडे जाताना तो जाड तारांवर चार पावलं टाकायचा, तेही सा रे ग म. त्या दिवशी शिकवणारी मी होते. लेकीने मध्ये एक शब्द सांगितला नाही.

नातू झाला. एका रात्री तो झोपेना म्हणून मी जी धरून आपलं नेहमीचं स्तवन म्हणायला घेतलं. जी म्हणजे पांढरी पाच, काळी चारच्या जेमतेम खाली. तेच झालं, वर आवाज फाटला आणि मी थांबले. जावई दारात उभा होता. म्हणाला, ‘आई, डी.’ मला कळेना. मग त्याने बोटं मोजून दाखवली. सा डीवर घ्या. डी म्हणजे १, जी होईल ४, आणि नवीन शिकायची फक्त ए, ती ५. आकडे तेच, गाणं तेच, सा तेवढा खाली.

डी म्हणजे पांढरी दोन. इतक्या खाली मी आयुष्यात कधी गायले नव्हते. ते पुरुषांचं, असंच डोक्यात बसलेलं. माझाच आवाज मला सासूबाईंसारखा जाड वाटला. पण वरचा सा लागला. न फाटता लागला. बाळ झोपलं, मी आपली दुसरं कडवं, तिसरं कडवं म्हणत बसले.

गिटार तिथेच ठेवून आले. एफ कॉर्ड अजून येत नाही, ती पुढच्या खेपेला.

परवा मंडळात गेले. मागे बसणार होते, पण पुढे पेटीजवळ जाऊन बसले. पेटीवाल्या काकूंनी सवयीने काळी चार धरली. मी म्हटलं, ‘काकू, पांढरी दोन द्याल का?’ त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘इतकी खाली? बाकीच्यांना जमायचं नाही गं.’

‘मग एकच स्तवन द्या,’ म्हटलं. ‘मी एकटी म्हणते.’

त्यांनी भाता ओढला.