ग्लोव्हजच्या आधी पट्टी

२०२१ मध्ये पोलंडला झालेल्या जागतिक युवा बॉक्सिंग स्पर्धेत आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणने ८१ किलोवरील गटात सुवर्णपदक जिंकले, तेव्हा आमची धाकटी दुसरीत होती. तिने पेपरातला फोटो कापून कपाटाला चिकटवला. यंदा तिला क्लासला घातले.

पहिल्याच दिवशी आम्ही दोघे सीताबर्डीला गेलो आणि लालभडक, सोळा औंसांचे ग्लोव्हज घेऊन आलो. जाड तितके सुरक्षित, असा आमचा हिशोब. हाताला बांधायच्या पट्ट्या मात्र राहू दिल्या. चिंध्यांना कशाला पैसे! तिसऱ्या आठवड्यात मनगट सुजले. डॉक्टरांनी पंधरा दिवस विश्रांती सांगितली, आणि पोरगी रोज संध्याकाळी क्लासच्या वेळेला खिडकीत बसू लागली. ते बघवत नव्हते.

क्लासच्या सरांना भेटलो. ते म्हणाले, "भाभी, ग्लोव्हज क्लासमध्येही आहेत. पट्टी आणि माउथगार्ड हिचे स्वतःचे पाहिजे." मग साडेचार मीटरच्या पट्ट्यांचे दोन जोड घेतले. एक वाळत असतो, एक वापरात. अंगठ्यात अडकवून आधी मनगटाला वेढे, मग तळव्याला, मग बोटांच्या सांध्यांवर. फार आवळली तर बोटांना मुंग्या येतात. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांत दाबायचे. पहिले आम्ही जास्त उकळून वाकडे केले. ग्लोव्हज या वेळी पट्टी बांधलेल्या हातानेच घालून पाहिले. मूठ पूर्ण मिटली तेव्हाच दहा औंसांचा जोड घेतला. हेडगार्ड अजून घेतलेले नाही, समोरासमोर लढत सुरू झाली की बघू. लाल ग्लोव्हज तिच्या मामेभावाकडे गेले.

दादींचा प्रश्न वेगळाच होता : "कपडे कोणते घालणार?" आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्येच हिजाब आणि पूर्ण अंगभर पोशाखाला परवानगी दिली आहे, हे आम्ही वाचून दाखवले. दादी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पूर्ण बाह्यांचे दोन सुती टी-शर्ट मागवून घेतले.

घामाचे ग्लोव्हज बॅगेत कोंबले की घरभर वास सुटतो. म्हणून ते पंख्याखाली उघडे टांगतो. धुतलेल्या पट्ट्या दोरीवरून काढून गुंडाळायचे काम आता दादींकडे आहे. आमची गुंडाळी त्यांना पसंत पडत नाही.